गाडीने किती हिवाळे पाहिले?

विनिपेगला आमच्या गल्लीत उभ्या असलेल्या जवळजवळ प्रत्येक मोटारीच्या पुढच्या जाळीतून एक वायर लोंबत असते. वायरीच्या टोकाला प्लग. इथे नऊ वर्षं काढल्यावर मला ती वायर दिसेनाशीच झाली होती. मामा भारतातून आले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी माझ्या गाडीसमोर, त्या वायरीपाशी उकिडवे बसले.

मामा सैन्यात होते. ईएमईत, म्हणजे सैन्याची वाहनं आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात. गाव सातारा जिल्ह्यातलं, पण नोकरीतली बरीच वर्षं लेहला आणि त्याच्याही पलीकडे गेली. शक्तिमान ट्रक आणि जोंगा जीप त्यांच्या हाताखालून किती गेल्या याची गणती नाही. मी इथे एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते. घरापासून कामाचं ठिकाण चार किलोमीटर. माझी गाडी सहा वर्षांची, पेट्रोलवर चालणारी, आणि तिच्या देखभालीबद्दल माझं मत पक्कं होतं : कंपनीचं पुस्तक आणि गाडीचा संगणक सांगेल तेव्हा, आणि सांगेल तेवढंच. मामांचं मतही तितकंच पक्कं आणि नेमकं उलटं. ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या शनिवारी, पुढच्या काचेवर मोसमातली पहिली बर्फाची साय धरली होती, तेव्हा आमचं जे बोलणं झालं ते इथे मांडते आहे. दर वर्षी पुण्या-नागपूरकडून नवी कुटुंबं या गावात येतात आणि पहिल्या हिवाळ्याच्या तोंडावर हेच प्रश्न विचारतात.

मामा : या वायरीनं काय होतं?

मी : हा ब्लॉक हीटर, मामा. इंजिनाच्या आत, पाण्याच्या वाटेवर विजेचा छोटा हीटर बसवलेला असतो. रात्री वायर भिंतीतल्या सॉकेटला लावायची, सकाळी इंजिन कोमट मिळतं. इथून दक्षिणेला, सीमेपलीकडे नॉर्थ डाकोटात ग्रँड फॉर्क्स म्हणून गाव आहे. तिथल्या अँड्रू फ्रीमन यांनी असा हीटर बनवला. १९४९ साली त्याचं पेटंट मिळालं.

मामा : आम्ही हेच करायचो गं, फक्त वीज नव्हती. रात्री गाडी लावली की रेडिएटरचं पाणी सोडून द्यायचं. नाही सोडलं तर सकाळी ब्लॉकला तडा. पहाटे चारला उठून पाणी तापवायचं, ते भरायचं, तेलाच्या चेंबरखाली स्टोव्ह धरायचा, मग कुठं इंजिन बोलायचं. आणि डिझेल तर मेणासारखं धरायचं.

मी : आता लडाखमध्ये इंडियन ऑइलचं हिवाळ्याचं वेगळं डिझेल मिळतं. २०१९पासून. उणे ३३ अंशांपर्यंत ते वाहतं राहतं.

मामा : चांगलं झालं. आमच्याकडं नव्हतं, म्हणून सगळं वेळापत्रक आमच्या डोक्यात असायचं. तुझं कुठं आहे?

मी गाडीची किल्ली फिरवली आणि त्यांना समोरचा पडदा दाखवला. इंजिन ऑइलचं आयुष्य : ६० टक्के शिल्लक.

मामा : हा आकडा काढतं कोण? आत तेल तपासणारं काही आहे?

मी : बहुतेक गाड्यांत तसं काही नसतं. इंजिन किती वेळा सुरू झालं, सुरू होताना किती थंड होतं, किती तापलं, किती फेरे फिरलं, यावरून संगणक हिशेब करतो. पण तो हिशेब कंपनीने चाचण्या घेऊन बसवलेला आहे. तुमच्या-माझ्या अंदाजापेक्षा बरा.

मामा : म्हणजे हिशेब आहे, तपासणी नाही. बरं, पुढं?

मी : पुढे काहीच नाही, आणि तेच मला आवडतं. तीन वर्षांपूर्वी इथल्या एका गॅरेजने ‘विंटर पॅकेज’ म्हणून माझ्याकडून चारशे डॉलर घेतले. गिअरबॉक्सचं तेल, ब्रेकचं तेल, इंजेक्टरची सफाई. घरी येऊन पुस्तक उघडलं, तर त्यातलं एकही काम त्या वर्षी करायचं नव्हतं. नव्याने आलेल्या माणसाला थंडीची आधीच धास्ती असते. त्या धास्तीवर इथे बराच धंदा चालतो. म्हणून मी ठरवलं की पुस्तकात लिहिलेलं असेल ते करायचं, कोणी घाबरवलं म्हणून करायचं नाही.

मामा : ते बरोबर केलंस. नको ते काम करणं हीसुद्धा यंत्राची हेळसांडच. नट जितक्या वेळा उघडशील तितका झिजतो. पण मला सांग, रोज किती चालते ही?

मी : जायला चार किलोमीटर, यायला चार. वर्षाला कसेबसे पाच हजार. म्हणून तर म्हणते, हिला काम कमी आहे.

मामा : काम कमी नाही पोरी. हिचे हाल आहेत.

याचं कारण त्यांनी मला अंगणात उभ्या उभ्या समजावलं, आणि ते मी इथे जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्या वादाची गाठ इथेच आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटरच पाणी तयार होतं. हिवाळ्यात धुराड्यातून पांढरा लोट निघतो तो या पाण्याचाच. त्यातली थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरते, तिच्याबरोबर न जळलेलं थोडं पेट्रोलही उतरतं. इंजिन अर्धा-पाऊण तास चांगलं तापलं तर दोन्ही उडून पुन्हा इंजिनात ओढली जातात; पेट्रोल जळतं आणि वाफ धुराड्यातून निघून जाते. पण उणे २५च्या सकाळी चार किलोमीटरमध्ये इंजिन तापतच नाही. पाणी तिथेच निथळतं आणि तेलात मिसळतं. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. गेल्या फेब्रुवारीत तेल भरायचं झाकण उघडलं तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला लोण्यासारखा पिवळट थर दिसला होता. मी तो कापडाने पुसून टाकला आणि विसरून गेले.

मामा : हायवेवर रोज शंभर किलोमीटर पळणारी गाडी सुखी. तिचं तेल वर्षभर स्वच्छ राहील. तुझीचं चार महिन्यांत खराब होईल आणि मीटर सांगेल, हजार-दीड हजारच चाललीय. आमच्याकडं नवीन गाडी हातात आली की मी आधी विचारायचो, हिनं किती हिवाळे पाहिले आणि कुठं उभं राहून पाहिले. किलोमीटर नंतर.

मी : संगणक थंड सुरुवाती मोजतो, मामा. अगदीच आंधळा नाही तो.

मामा : मोजत असेल. पाणी मोजतो का?

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण तेलाच्याच विषयात माझी बाजू भक्कम होती, आणि ती मी सोडली नाही.

मी : तुम्ही काल दुकानात २०डब्ल्यू-४० शोधत होतात.

मामा : मग काय करू? हे तुझं ०डब्ल्यू-२० पाण्यासारखं आहे. बोटांत धरलं तर जाणवतसुद्धा नाही. इंजिनाला आधार कसला देणार?

मी : या थंडीत जाड तेलाचा काही आधार नाही, वेळेवर पोहोचलेल्या तेलाचा आहे. डब्ल्यू म्हणजे विंटर. एसएईच्या मानकात ०डब्ल्यू तेलावर इंजिन फिरतं का याची चाचणी उणे ३५ अंशांना घेतात. ५डब्ल्यूची उणे ३०ला. तुमच्या २०डब्ल्यूची उणे १५लाच. विनिपेगला उणे १५ म्हणजे जानेवारीतला साधा दिवस. उणे ३०ला ते तेल पंपाला उचलता येणार नाही, आणि तेल वर कॅमशाफ्टपर्यंत चढेपर्यंत लोखंडावर लोखंड घासत राहील. इंजिनाची बरीचशी झीज होते ती सुरू होतानाच्या त्या क्षणांत.

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आम्हीही हिवाळा लागला की पातळ तेल घालायचो. गावाकडं वीस वर्षं राहिलो आणि हात तिकडच्या तेलाला सरावला.”

इंजिन सुरू करून किती वेळ उभं ठेवायचं, यावर मात्र आमचं शेवटपर्यंत जमलं नाही. मामांचं म्हणणं, पंधरा मिनिटं. माझं म्हणणं, काचेवरचं बर्फ खरवडून होईपर्यंत, म्हणजे दोन मिनिटं, आणि उणे ३०ला हीटर लावलेला असूनही फार तर पाच. हवेचे ब्रेक असलेल्या ट्रकला टाकीत दाब भरल्याशिवाय हलताच येत नाही. त्या गाड्यांवर काम केलेल्या माणसाला उभं राहून वाट पाहायची सवय लागते, आणि तिथे ती योग्यच असते. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीचं तसं नाही. थंड इंजिनाला संगणक जास्त पेट्रोल पाजतो, आणि जागेवर उभं राहून इंजिन फार सावकाश तापतं. तेवढा वेळ ते जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा थर धुऊन काढतं. म्हणजे ज्या पाण्या-पेट्रोलाबद्दल मामा मला सांगत होते, तेच ते पंधरा मिनिटं उभं राहून वाढवत होते. मामांनी त्यावर एक गोष्ट सांगितली ती मी मान्य केली : इंजिन तापलं तरी गिअरबॉक्समधलं तेल, चाकांच्या बेअरिंगमधलं ग्रीस आणि शॉकॲब्सॉर्बर गोठलेलेच असतात, तेव्हा पहिले दोन किलोमीटर गाडी हळूच न्यायची. रात्रभर उभ्या राहिलेल्या चाकांनाही खालून सपाटी आलेली असते. उणे ३०च्या सकाळी पहिल्या वळणापर्यंत गाडी धडधडत जाते, ते त्यामुळे.

कूलंटवरून थोडी वादावादी झाली. मामांनी न मिसळलेल्या कूलंटचा कॅन आणला होता आणि तो तसाच ओतणार होते. “पाणी गोठतं,” ते म्हणाले, “मग पाणी नकोच.” मी त्यांचा हात धरला. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३च्या आसपासच गोठतं. निम्मं पाणी मिसळलं की गोठणबिंदू उणे ३७पर्यंत खाली जातो, ६० टक्के ग्लायकॉल आणि ४० टक्के पाणी असेल तर उणे ५०च्याही खाली. विनिपेगचं नोंदलेलं सर्वांत कमी तापमान उणे ४७.८, २४ डिसेंबर १८७९चं. म्हणून इथे साठ-चाळीस पुरेसं आहे. मामांनी ते माझ्याकडून वहीत लिहून घेतलं. त्यांची एक छोटी निळी वही असते, तिच्यात.

मग त्यांनी खिशातून मल्टिमीटर काढला.

मामा : ती वायर इकडे दे.

मी : हीटरची? ती चांगली आहे. गेला अख्खा हिवाळा रोज लावत होते.

मामा : लावत होतीस ते दिसतंय. आत पोहोचत होती का ते बघू. किती वॅटचा आहे?

मी : चारशे.

मामा : इथं व्होल्टेज किती? एकशे वीस ना? मग साधारण छत्तीस ओहम यायला पाहिजे.

त्यांनी मीटरच्या दोन सुया प्लगच्या दोन पिनांना लावल्या. काहीच आलं नाही. पुन्हा लावल्या. वायर हळूहळू बोटांतून सरकवत नेली, आणि प्लगपासून वीतभर अंतरावर, जिथे ती रोज दुमडत होती तिथे, थांबले. रबराचं आवरण शाबूत होतं, आतली तार तुटलेली होती. किती दिवसांपासून, कोण जाणे. मी रात्री झोपायच्या आधी, पायांत बूट चढवून, न चुकता ती वायर भिंतीला लावत होते, आणि इंजिन सकाळी हवेइतकंच थंड असायचं. गाडी कशीबशी सुरू होत होती म्हणून मला कळलं नाही.

मामा : हे तुझ्या पडद्यावर येतं का?

मी : नाही.

मामा : मग आता बॅटरी बघू.

बॅटरी मूळचीच होती, गाडीइतकीच सहा वर्षांची. मामांच्या काळी बॅटरीची झाकणं उघडता येत. हायड्रोमीटर आत बुडवून ॲसिडची ‘ग्रॅव्हिटी’ बघायची, बाराशे साठच्या वर असेल तर भरलेली. माझी बॅटरी बंद डब्याची. मीटरवर १२.३ व्होल्ट आले. पूर्ण भरलेली १२.६च्या पुढे असते.

मी : सुरू तर होते रोज.

मामा : आज उणे दोन आहे. बॅटरीची ताकद थंडीनं कमी होते, पण बॅटरी खराब होते ती उन्हाळ्यात. उष्णतेनं आतल्या पट्ट्या खराब होतात. ते थंडीत उघडकीला येतं. आणि तुझी ती चार किलोमीटर. सुरू करताना जेवढी वीज काढतेस तेवढीही परत भरत नाही, वर हीटरचा पंखा, काचेची तापणारी तार, दिवे. रोज थोडी उधारी.

बॅटरीच्या डब्यावर सीसीएचा आकडा असतो, तो पाहायची सवय भारतातून आलेल्यांना नसते. उणे १८ अंशांना बॅटरी ३० सेकंद किती अँपिअर देऊ शकते, त्याचं ते माप आहे. उणे १८ला बॅटरीची ताकद निम्म्याच्या आसपास येते, आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन फिरवायला कितीतरी जास्त जोर लागतो. दुसरं एक भय आहे. भरलेली बॅटरी उणे ५०लाही गोठत नाही, पण पूर्ण उतरलेल्या बॅटरीतलं द्रव उणे दहाच्या आसपासच गोठू शकतं. डबा फुगलेला दिसला तर तिला दुसऱ्या गाडीची वायर लावून ‘बूस्ट’ कधीही देऊ नये, ती फुटू शकते. त्याच दुपारी दुकानात जाऊन आम्ही चाचणी केली. डब्यावर ५५० लिहिलेलं होतं. कागदावर ३१० आले.

परत येताना मामा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग आपणहून बोलू लागले.

मामा : एकदा खिंडीच्या अलीकडं आमचा ताफा अडकला. पुढची एक गाडी बंद पडली होती. रात्र तिथंच काढावी लागली. सकाळी त्या गाडीच्या ड्रायव्हरच्या पायाची दोन बोटं काळी पडलेली. नंतर चौकशी झाली. ती गाडी पार्कात सर्वांत कमी चाललेली होती. मीटर बघून सगळ्यांनी तिला चांगली म्हटलं होतं. उभी राहून राहून तिची बॅटरी गेली होती, इंधनाच्या टाकीत पाणी साठलं होतं. माझ्याच वर्कशॉपमधून पास झालेली गाडी. सही माझी नव्हती, पण मी बाजूला उभा होतो.

त्यांनी हे मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. आईलाही माहीत नव्हतं.

घरी आल्यावर मी गाडीचं पुस्तक काढलं. मामांना खोटं पाडायला नाही. मला खरंच बघायचं होतं की हीटरच्या वायरीबद्दल त्यात काही आहे का. त्याबद्दल काही नव्हतं. पण देखभालीच्या तक्त्यापाशी पोचले तेव्हा ध्यानात आलं की तक्ते दोन आहेत. पहिला नेहमीच्या वापराचा, जो मी सहा वर्षं पाळत आले. पान उलटलं की दुसरा, कठीण वापराचा. कठीण वापर कशाला म्हणायचं त्याची यादी होती : गोठवणाऱ्या थंडीत एका वेळी सोळा किलोमीटरपेक्षा कमी चालणारी गाडी. बराच वेळ जागेवर चालू ठेवलेलं इंजिन. मीठ टाकलेले रस्ते. या तक्त्यात तेलासाठी किलोमीटर निम्मे होते आणि त्यांच्यासमोर महिनेही लिहिलेले होते, जे आधी येईल ते.

मी : मामा, हे पाहा. तुमचं म्हणणं पुस्तकातच आहे.

मामांनी चष्मा लावून पान वाचलं. मग म्हणाले, “मग पुस्तक लिहिणाऱ्यानं कधीतरी थंडीत गाडी ढकललेली आहे.”

मी अजूनही पुस्तकाच्याच बाजूची आहे. पण पुस्तक वाचणं म्हणजे आपण कोणत्या तक्त्यात बसतो ते प्रामाणिकपणे ठरवणं, आणि ते काम ना संगणकाने माझ्यासाठी केलं होतं, ना मी. शहरात राहणारे, जवळ नोकरी असलेले, मुलांना शाळेत सोडून परत येणारे आपण सगळे स्वतःला ‘साधा वापर’ समजतो. विनिपेग, एडमंटन, सॅस्काटूनमध्ये तो कठीण वापर आहे. आणि मामांचा हात मला पटला तो एवढ्यासाठी, की तुटलेली तार, फुगलेला डबा, झाकणाखालचं लोणी या गोष्टी कोणत्याही तक्त्यात येत नाहीत. त्या बघायला माणसाने गाडीसमोर उकिडवं बसावं लागतं.

बाकीची कामं पुढच्या दोन शनिवारांत उरकली. हिवाळी टायर चढवले. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च ते कायद्यानेच लागतात, मॅनिटोबात तशी सक्ती नाही, पण सात अंशांच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होऊ लागतं, मग कायदा असो वा नसो. हवेचा दाब तापमान पाच-सहा अंश उतरलं की सुमारे एक पीएसआयने उतरतो. सप्टेंबरात वीस अंशांना ३५ भरलेलं टायर उणे ३०च्या सकाळी २६वर येतं, म्हणून महिन्यातून एकदा दाब बघायचाच. वाळूत चालवताना हवा कमी करतात तशी बर्फासाठी करायची, हा मामांचा आग्रह मी मोडून काढला. काच धुण्याच्या टाकीत साधं पाणी असेल तर टाकीच फुटते. भारतातून आलेल्या पहिल्या हिवाळ्यात ही चूक अनेकांची होते. तिथे उणे ४० लिहिलेलं निळं द्रव घालायचं. पेट्रोलची टाकी निम्म्याखाली जाऊ द्यायची नाही, म्हणजे रिकाम्या जागेत पाणी धरत नाही आणि रस्त्यात अडकलात तर इंजिन चालू ठेवता येतं. अडकलात तर इंजिन चालू करण्याआधी धुराड्याच्या तोंडावरचं बर्फ काढायचं, नाही तर विषारी वायू आत येतो. डिकीत फावडं, वाळूची पिशवी, घोंगडी, डब्यातली मेणबत्ती आणि काडेपेटी.

मिठाबद्दल मामा जे म्हणाले ते थोडक्यात : महिन्यातून एकदा, तापमान शून्याजवळ येईल त्या दिवशी, गाडी खालून धुऊन घ्या, आणि एप्रिलमध्ये ब्रेकच्या कॅलिपरच्या पिना उघडून स्वच्छ करून त्यांना ग्रीस लावा. पिना गंजून अडकल्या की एकाच बाजूचा पॅड झिजतो. ते पुस्तकाच्या दुसऱ्या तक्त्यातही आहे.

हीटरची नवी वायर चाळीस डॉलरला मिळाली. ती रात्रभर लावत नाही, टायमरवर पहाटेचे चार तास लावते, तेवढे पुरतात. तेल आता दर ऑक्टोबरात आणि दर एप्रिलमध्ये बदलते, मीटर काहीही म्हणो. पंधरा दिवसांतून एकदा रविवारी गाडी रिंगरोडवर तासभर नेऊन आणते, तेल तापावं आणि बॅटरी भरावी म्हणून.

मामा नोव्हेंबरात परत गेले. जानेवारीत सलग नऊ दिवस उणे ३०च्या खाली गेले. शेजारच्या तीन गाड्यांना त्या आठवड्यात बूस्ट द्यावा लागला, तिन्ही माझ्या नव्या बॅटरीवरून.

इथे नव्याने आलेल्यांना माझं एवढंच सांगणं आहे की ऑक्टोबर संपायच्या आत बॅटरीची चाचणी करून घ्या आणि हीटरच्या वायरीला मीटर लावून बघा. दोन्हींना मिळून पाऊण तास लागतो. बॅटरीच्या चाचणीचे पैसे बरीच दुकानं घेत नाहीत. मीटर नसेल तर माझा घेऊन जा.